उजवा पाय

लोहितचा उजवा बूट पेडलवर नुसता टेकलेला नव्हता, दाबायला सज्ज होऊन बसला होता. विमान अजून धावपट्टीच्या मध्यावरही आलं नव्हतं. मागच्या खुर्चीतून कॅप्टन पद्मनाभमना तो बूट दिसला, त्याच्यावरची ताणलेली पोटरी दिसली, आणि समोरच्या पडद्याकडे निघालेलं त्यांचं बोट हवेतच थांबलं.

विमान आपलं म्हणायला. शमशाबादच्या एका उंच शेडमध्ये सहा लोखंडी पायांवर उभी असलेली ती एक पांढरी पेटी होती. आत मात्र खरं कॉकपिट हुबेहूब, तेच दांडे, तीच बटणं, समोरच्या काचांवर हैदराबादची धावपट्टी. मुलं दोनशे तास छोट्या, दोन-चार माणसांच्या विमानात काढून यायची, इथे पंधरा-वीस दिवस या पेटीत बसायची, आणि मग एकशे ऐंशी माणसं पाठीमागे बसवून आकाशात जायची. मागच्या खुर्चीत बसून त्यांच्यावर संकटं पाठवायची, हे पद्मनाभम गारूंचं, म्हणजे आपल्याकडच्या पद्मनाभमरावांचं, काम. हृदयाच्या दुखण्याने स्वतःचं उडणं सुटलं त्याला सहा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून ते हेच करत होते. त्यांच्या पडद्यावर संकटांची यादी असायची. सगळ्यात वर इंजिनं. पहिल्या ओळीत डावं, दुसऱ्या ओळीत उजवं. बोट लावलं की ते इंजिन बंद.

लोहित गोगिनेनी हा मुलगा त्यांना पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपत होता. तो चुकत नव्हता, हेच खुपत होतं. प्रश्न पुरता कानावर पडायच्या आत त्याचं उत्तर तयार असायचं. पेटीत शिरताना उंबऱ्याला हात लावून कपाळाला न्यायचा आणि नव्या नवरीसारखा उजवा पाय आधी आत टाकायचा. अंगाला अत्तराचा असा वास की बंद जागेत पद्मनाभमचं डोकं चढायचं. आणि आज हा बूट. आजार यायच्या आधीच औषध गिळून बसलेला.

'व्ही-वन,' डाव्या खुर्चीतून निहारिका म्हणाली. त्याच्याबरोबरच शिकणारी मुलगी ती. व्ही-वन म्हणजे असा वेग, की आता थांबता येत नाही, काहीही झालं तरी उडावंच लागतं.

पद्मनाभमनी बोट एक ओळ खाली आणलं आणि टेकवलं.

उजवं इंजिन गेलं. गेलेल्या इंजिनाकडे विमानाचं नाक वळतं आणि उलट बाजूचा पाय दाबून ते सरळ धरायचं असतं. डावं गेलं तर उजवा पाय, उजवं गेलं तर डावा. शास्त्र म्हणाल तर इतकंच. लोहितने सगळा जीव एकवटून उजवा पाय दाबला. उजवीकडे निघालेल्या नाकाला त्याने आणखी उजवीकडे ढकललं. आडवं क्षितिज उभं राहिलं, निहारिकेच्या तोंडून 'अम्मा' निघालं, आणि समोरच्या काचा लाल झाल्या. पेटी उसासा टाकून खाली बसली.

मग लोहितने हेडसेट काढला, मागे वळला आणि फार अदबीने म्हणाला,

'सर, तुमच्याकडून चुकून उजवं दाबलं गेलं.'

'चुकून?'

'हो सर. डावं द्यायचं असतं.'

'कुणी सांगितलं तुला?'

'असंच असतं ना सर.' त्याला प्रश्नच कळला नव्हता.

पद्मनाभमनी विमान पुन्हा धावपट्टीच्या टोकाला नेऊन ठेवलं आणि या खेपेला डावं इंजिन बंद केलं. लोहितने ते इतकं सुबक सावरलं की जाहिरातीत दाखवावं. नाक रेषेत, पंख सपाट, आवाजात थरकाप नाही. 'बघा सर,' तो म्हणाला. तिसऱ्या खेपेला पुन्हा उजवं. आता त्याला ठाऊक होतं की काहीही येऊ शकतं, आणि तेच त्याला नडलं. दोन्ही पाय अधांतरी राहिले. तो समोर बघायचा सोडून पायांकडे बघत राहिला, आणि शेवटी सवयीने आपलं काम केलं. उजवा पाय खाली गेला. काचा लाल झाल्या.

'बाबू, आत्ता किती माणसं मेली?' पद्मनाभमनी विचारलं.

'सर, हे सिम्युलेटर आहे.'

'किती?'

'कुणीच नाही सर.' मग जरा थांबून, तक्रार करावी की नाही याचा विचार करून तो म्हणाला, 'सर, हे सिलॅबसच्या बाहेरचं आहे. उद्या परीक्षक साहेब डावंच देणार आहेत.'

पद्मनाभमना किळस आली. राग त्यांच्या ओळखीचा होता, तो चढायचा आणि चहाच्या एका कपाबरोबर उतरायचा. हे वेगळं होतं. जेवताना अर्ध्या घासात केस लागावा तसं त्यांना झालं. हा मुलगा उडायला शिकलाच नव्हता. त्याने पंधरा दिवसांत एका पायाचं पाठांतर केलं होतं, आणि परवापासून लोक त्याच्या भरवशावर खिडकीशी बसून चिवडा खाणार होते.

खालच्या खोलीत, जिथे सराव झाल्यावर चर्चा करायची, तिथे उपम्याच्या बशा आणि चहा आधीच येऊन पडला होता. लोहितने मन लावून उपमा खाल्ला. निहारिका बशीला हात न लावता बसली होती. टेबलावर लोहितचा फॉर्म होता. सगळे रकाने भरलेले, तळाशी एक ओळ कोरी: 'परीक्षेस पात्र' आणि त्याच्यापुढे शिक्षकाची सही.

'डावंच येतं हे तुला कुठून कळलं?' पद्मनाभमनी पुन्हा विचारलं.

लोहितने बॅगेतून सर्पिल बांधणीची एक वही काढली आणि पुढे केली. त्यात लपवाछपवी काही नव्हती. उलट आपण किती मेहनत केली हे सरांना एकदाचं दिसतंय, अशा थाटात त्याने ती दिली. अमीरपेटच्या गल्लीत मिळणारी वही. त्या गल्लीत डॉक्टरकीपासून व्हिसाच्या मुलाखतीपर्यंत सगळ्या परीक्षांच्या नोट्स मिळतात, तेव्हा विमानाच्याही मिळाव्यात यात नवल नव्हतं. वर छापलं होतं: 'सिम्युलेटर, खात्रीशीर'. आत प्रत्येक शिक्षकाला एकेक पान दिलं होतं.

'तुमचं पान अकरावं आहे सर,' लोहितने मदत केली.

पद्मनाभमनी अकरावं पान काढलं. गोल गोल तेलुगू अक्षरांत लिहिलं होतं: 'पद्मनाभम सर. चष्मा, पांढऱ्या मिशा. सकाळच्या वेळेला प्रसन्न असतात. इंजिन नेहमी डावं देतात. उजवा पाय आधीपासून तयार ठेवावा. व्ही-वन ऐकल्यावर मनात चार मोजावेत, मग दाबावा. जुन्या विमानांच्या गोष्टी सांगतात, त्या लक्ष देऊन ऐकाव्यात. सही अडवत नाहीत. देवमाणूस.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग वही मिटून टेबलावर लोटली, आणि बोटं पँटला पुसली.

'हे खोटं आहे,' ते म्हणाले.

लोहित आणि निहारिकेने एकमेकांकडे पाहिलं. मोठ्या माणसाला खोटं कसं पाडायचं, असा तो संकोच होता.

तेवढ्यात स्वर्णलता मॅडम आत आल्या. हे केंद्र त्या चालवत. गुळगुळीत बोलायच्या, पण घड्याळाकडे बघत बोलायच्या. मुलांना त्यांनी नुसत्या मानेने बाहेर पाठवलं. ती दोघं दाराबाहेरच्या बाकावर बसली.

'पद्मनाभम गारू, आज उपास आहे का तुमचा?'

'का?'

'मग डोकं कशाने फिरलं? पोराला दोनदा पाडलंत. त्याचे वडील खाली बसलेत, तेनालीहून आलेत. उद्या परीक्षा, परवा अन्नवरमच्या देवळात सत्यनारायण बोललेत. त्यांना मी काय सांगू?'

'सांगा, मुलाला विमान येत नाही.'

'येत नाही कसं? डावं उत्तम सावरलं की त्याने. बघितलंय मी.'

'आणि उजवं?'

'उजवं तुम्ही कधी देता?' त्या खुर्चीवर बसल्या आणि समजुतीच्या आवाजात म्हणाल्या, 'गारू, बाकीच्या मुलांना एक पेपर आणि या एकाला दुसरा, हा काय न्याय झाला? उद्या तो तक्रार करेल, आणि त्याचं चूक तरी काय?'

'इंजिनाला पेपर नसतो, अम्मा.'

'इंजिनं पडतात कुठे हल्ली? तुमच्या पंख्याच्या विमानांचे दिवस गेले. आता सगळं यंत्र सांभाळतं. पोरांनी फक्त घाबरायचं नाही. आणि परीक्षेत डावं, सहा महिन्यांनी फेरतपासणीला इथेच येतात तेव्हाही डावं. मग उजव्याचा एवढा उमाळा आजच का?'

'फेरतपासणीलाही?'

'ती पण तुम्हीच घेता, गारू.'

स्वर्णलता मॅडमनी हातातला कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांना वादात जिंकायचं होतं, आणि त्यासाठी त्यांनी येतानाच यंत्रातून नोंद काढून आणली होती. पेटी सगळं लक्षात ठेवते, कुणी कधी कोणतं बटण दाबलं ते. पद्मनाभम, सहा वर्षं. उड्डाणाच्या वेगात इंजिन बंद: डावं, तीनशे बारा वेळा. उजवं, दोन वेळा. दोन्ही आजच्या तारखेच्या. खाली, कोणत्या वेळी खुर्चीत कोण होतं, त्या मुलांची नावं.

'बघा,' मॅडम म्हणाल्या. 'मी म्हणते ते खोटं आहे का?'

या प्रश्नाचं एक उत्तर पद्मनाभमकडे होतं. उमेदीची वर्षं त्यांनी दोन पंख्यांच्या जुन्या विमानांवर काढली होती, आणि त्या विमानांना डावं इंजिन गेलेलं जास्त जाचायचं. म्हणून जुने उस्ताद नेहमी डावंच बंद करून बघायचे. उस्तादांची रीत आपण पाळतो, असं ते गोष्टीत सांगायचेदेखील. पण ते उत्तर ओठांवर आलं आणि त्यांना स्वतःलाच त्याची शिसारी आली. या नव्या विमानांना डावं काय नि उजवं काय, दोन्ही सारखीच. डावं पहिल्या ओळीत होतं. बोट उचललं की तिथेच पडायचं. एक ओळ खाली जायचे कष्ट त्यांनी सहा वर्षांत घेतले नव्हते, आणि पोरं पटापट पास होत होती म्हणून कुणी विचारलंही नव्हतं. ते मुलाच्या पाठांतराला नाक मुरडत होते, आणि त्या पाठांतराचा धडा त्यांनीच तीनशे बारा वेळा गिरवून घेतला होता. आपलंच नाणं खोटं, आता वाण्याशी काय भांडणार.

'या सगळ्यांना परत बोलवा,' ते म्हणाले.

'कुणाला?'

'या कागदावरच्या सगळ्या मुलांना. माझ्या हाताखालून गेलेल्या.'

मॅडम हसल्या. वाईट हसल्या नाहीत, म्हाताऱ्या माणसाच्या विनोदाला हसतात तशा हसल्या. 'आणि बोलावून काय सांगू? ती सगळी उडतायत, गारू. दोघं-तिघं तर कॅप्टन व्हायला आलीत. त्यांच्या कंपन्यांना पत्र लिहू, की आमच्या सरांनी एकच पाय शिकवला? उद्या या शेडला कुलूप लागेल, आणि परवा तुमच्या शिकवण्याच्या परवान्याला.'

पद्मनाभमनी फॉर्म त्यांच्याकडे सरकवला. सहीची ओळ कोरीच होती.

'राहिलं,' मॅडम म्हणाल्या. त्यांना राग आला नव्हता, फक्त घड्याळात बघायला लागलं होतं. 'चार वाजता शेषाचलम गारूंचा तास रिकामा आहे. ते एकदा बसवतील आणि सही करतील. तुम्ही आज घरी जा, आराम करा. साखर तपासून घ्या हवी तर.'

त्यांनी दार उघडून मुलाला ही बातमी दिली. लोहितच्या चेहऱ्यावर जीव आला. त्याने आत येऊन पद्मनाभमच्या पायाला हात लावला, कारण सर रुसले असले तरी सर होते, आणि टेबलावरची वही उचलून पानं उलटत बाहेर गेला.

'निहारिका, शेषाचलम सर कितव्या पानावर आहेत गं?'

'सोळाव्या,' निहारिका म्हणाली.

तिचीही तसलीच वही होती. ती बाकावर मांडीवर उघडून बसली होती आणि पेनाने काहीतरी लिहीत होती. दार उघडंच राहिलं होतं, त्यामुळे पद्मनाभमना बाहेर पडताना ते सहज वाचता आलं. अकराव्या पानावर 'नेहमी डावं' यातलं 'नेहमी' खोडून तिने वर बारीक अक्षरात 'बहुतेक' लिहिलं होतं. त्यांची सावली पडली तशी तिने वही मिटली.

'सर, तुमच्यासाठी नाही,' ती ओशाळून म्हणाली. 'मागून येणाऱ्या मुलांना उपयोगी पडेल म्हणून.'

ते तसेच जिन्याकडे वळले.

खाली गाड्या लावायच्या जागेत ऊन तापलं होतं. ते गाडीत बसले, पण किल्ली फिरवली नाही. तो कागद त्यांनी घडी करून खिशात घातला होता. तो काढून त्यावरची नावं ते वाचत गेले. काही चेहरे आठवले, काही आठवले नाहीत. प्रणीतचं नाव आलं तेव्हा त्यांना जरा धीर आला. हा त्यांचा सगळ्यात चांगला विद्यार्थी. लग्नाला बोलावलं होतं त्याने, दसऱ्याला न चुकता फोन करायचा, आणि हा जन्मजात उडणारा आहे असं ते चारचौघांत सांगायचे. निदान तो तरी. अशा मुलांना कुणी शिकवावं लागत नाही, ते आपल्या अंगाने शिकतात. एकाचं जरी तसं निघालं तरी सगळंच काही वाया गेलं नाही, असं म्हणता आलं असतं. त्यांनी फोन लावला.

'नमस्कारम सर!' मागे माणसांचा, बॅगा आपटल्याचा आवाज होता. 'कसे आहात? मी कॉकपिटमध्येच आहे, लोक बसतायत. गुवाहाटी. दोन मिनिटं आहेत, बोला.'

'विमान भरलंय?'

'खच्चून. बिहूला निघालेत सगळे. मांडीवरची पोरंच अकरा आहेत.'

'प्रणीत, एक विचारतो. उड्डाणाच्या वेगात आहेस, व्ही-वन होऊन गेलं. इंजिन गेलं. कोणता पाय दाबशील?'

कोणतं इंजिन, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही. उडणारा माणूस आधी तेवढंच विचारेल. त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला आणि तो विचारण्याची वाट पाहिली.

प्रणीत हसला. मोकळं, प्रेमाचं हसू.

'परीक्षा घेताय होय सर, इतक्या वर्षांनी? उजवा.'

पद्मनाभमनी फोन दुसऱ्या कानाला नेला.

'झोपेतून उठवून विचारा, उजवा. तुमच्या हाताखालचा आहे मी, विसरेन कसा?'

'प्रणीत, ऐक. ऐक माझं, आधी मला विचार की—'

'सर, दार लागलं, फोन बंद करायला सांगतायत. उतरलो की करतो. आशीर्वाद असू द्या.'

त्यांनी लगेच पुन्हा लावला. मग पुन्हा एकदा. फोन बंद होता, आणि गुवाहाटीला उतरेपर्यंत तो बंदच राहणार होता.